चाळणींतून गाळलेला जीव

शुभवर्तमानांतील वधस्तंभाची हकीकत वाचतांना 'स्पंज' हा शब्द आपण सर्वांनीं ऐकिला आहे. ज्या वस्तूंत आंब शोषून घेतली गेली आणि जी काठीच्या टोंकावरून वर पोंचविली गेली, ती ही वस्तु. परंतु हा स्पंज आहे तरी काय, असें रविवारच्या शाळेंतील एखाद्या मुलानें विचारिलें, तर आपणांपैकीं पुष्कळांस नीट उत्तर देतां येणार नाहीं. कोणी म्हणेल तो समुद्रांतील एक पाला आहे. कोणी म्हणेल तो वाळलेला फेंस आहे. आणि कोणी दुकानांत मिळणारा मऊ, कृत्रिम तुकडा पुढें करील. या तीनही समजुती चुकीच्या आहेत. स्पंज हा प्राणी आहे, आणि त्याच्या ठायीं एक अशी शक्ति आहे कीं तिची हकीकत प्रथम ऐकिली तेव्हां आम्हांस ती खरी वाटेना.

ती हकीकत आज आम्ही क्रमानें सांगणार आहों. मात्र ती ऐकून जे उपदेशक व शिक्षक ती पुढें सांगतील, त्यांस आमची प्रथमच एक विनंति आहे. गोष्ट जितकी नवलाची, तितकी ती अर्धवट सांगण्याचा मोह मोठा. या गोष्टींत जितकें नवल आहे, तितक्याच महत्त्वाच्या तिच्या अटीही आहेत. त्या गाळून ती सांगूं नये.

१. स्पंज म्हणजे काय?

आपल्या परसांत घोसाळ्याचा वेल असतो. फळ वेलावरच पिकून वाळलें म्हणजे त्याची साल व गर निघून जातो आणि आंत एक जाळी राहते. त्या जाळीनें आपण अंग घासतों. ही जाळी म्हणजे घोसाळें नव्हे, तर घोसाळ्याचा सांगाडा. बाजारांत मिळणारा खरा स्पंज अगदीं असाच असतो. समुद्राच्या तळाशीं तो जिवंत असतांना ही जाळी मांसल, बुळबुळीत अशा अंगानें झांकलेली असते. पाणबुडे तो काढून आणितात; मग तें अंग कुजूं देतात, चोपून व धुवून काढितात, आणि जी मऊ जाळी उरते ती विकावयास पाठवितात.

स्पंजांच्या ९,००० हून अधिक जाती आजवर ओळखल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं अगदीं थोड्याच जातींची जाळी अंग पुसण्याइतकी मऊ असते. बाकीच्यांच्या अंगांत गारेच्या अथवा चुन्याच्या बारीक सुया असतात व त्यांना हात लाविला तर कातडीला टोंचतात. रंगानें ते तांबडे, पिवळे, जांभळे, काळे असे नाना प्रकारचे असतात. कांहीं खडकावर लेपासारखे पसरतात, कांहीं घागरीसारखे तर कांहीं झाडाच्या फांद्यांसारखे वाढतात. यामुळेंच पूर्वीं पुष्कळ विद्वान त्यांना वनस्पति समजत असत.

या प्राण्याला तोंड नाहीं, पोट नाहीं, हृदय नाहीं, डोळे व कान नाहींत, मज्जातंतूही नाहींत. मग तो खातो कसा? स्कॉटलंडांतील एडिंबरो येथील रॉबर्ट ग्रँट नांवाच्या वैद्यानें १८२५ च्या सुमारास एक लहानसा जिवंत स्पंज पाण्यांत ठेवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. तेव्हां त्याच्या मोठ्या छिद्रांतून पाणी एकसारखें बाहेर वाहत असलेलें त्याला दिसलें. त्या वाहत्या पाण्यानें स्पंजाचें गुपित उघड केलें.

२. आंतील कामकरी

स्पंजाच्या अंगावर असंख्य बारीक छिद्रें असतात. त्यांतून पाणी आंत शिरतें, पाटांसारख्या नळ्यांतून लहान लहान खोल्यांत जातें, आणि शेवटीं मोठ्या छिद्रावाटे बाहेर पडतें. त्या खोल्यांच्या भिंतींवर चाबकासारखी एकेक शेपटी असलेल्या पेशी दाटीनें बसलेल्या असतात. पेशी म्हणजे सजीव शरीराचा सर्वांत लहान जिवंत घटक. विटांनीं घर बांधावें तसें आपलें शरीरही पेशींनीं बांधलेलें आहे. स्पंजांतील या पेशी आपले चाबूक अहोरात्र हालवितात, त्यामुळें पाणी वाहत राहतें, आणि त्यांतील अन्नाचे सूक्ष्म कण त्या धरून घेतात. दहा सेंटिमीटर उंच व एक सेंटिमीटर जाड अशा एका लहान स्पंजांतून दिवसाकाठीं सुमारें २२ लिटर पाणी जातें, असा हिशेब प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत देतात. बोटाएवढा प्राणी दिवसांत दोन कळशांहून अधिक पाणी गाळून काढितो!

चाबकाच्या पेशींखेरीज बाहेरची कातडी होणाऱ्या चपट्या पेशी असतात, सुया व धागे तयार करणाऱ्या पेशी असतात, आणि या सर्वांच्या मधून फिरणाऱ्या कांहीं भटक्या पेशी असतात. या शेवटच्या पेशी वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवाव्या. त्या रांगत रांगत सर्व अंगभर हिंडतात, अन्न एकीकडून दुसरीकडे पोंचवितात, आणि जेथें ज्या प्रकारच्या पेशीची उणीव पडेल तेथें त्या प्रकारची पेशी होऊं शकतात. खेड्यांत एखादा मनुष्य असा असतो कीं, वेळ पडली तर सुताराचें काम करतो, वेळ पडली तर गवंड्याचें, आणि कोणी आजारी पडला तर त्याचा नांगरही धरितो. या भटक्या पेशी तशा आहेत.

३. चाळणीचा प्रयोग

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. तुटलेला भाग पुन्हा वाढणें ही गोष्ट आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. पालीची शेपटी तुटली तर पालीला नवी शेपटी फुटते. परंतु तुटलेल्या शेपटीपासून नवी पाल झालेली कोणी पाहिली नाहीं. स्पंजाची गोष्ट याहून निराळी आहे, हें फार प्राचीन काळापासून ठाऊक होतें. ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल यानें ख्रिस्तापूर्वीं चौथ्या शतकांतच लिहून ठेविलें आहे कीं, स्पंज तोडून नेला तरी मागें राहिलेल्या भागापासून तो पुन्हा वाढतो. त्याचे कापलेले तुकडेही खडकाला धरून जगतात. परंतु तुकडे किती लहान केले म्हणजे स्पंजाचा अंत होतो, याची परीक्षा कोणी केली नव्हती.

ती अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री व्हॅन पीटर्स विल्सन यांनीं केली. ते ब्यूफर्ट या समुद्रकांठच्या गांवीं मत्स्यसंशोधनाच्या प्रयोगशाळेंत काम करीत असत. त्या किनाऱ्याला एक तांबडा, झुबक्यासारखा स्पंज मुबलक सांपडतो. विल्सन यांनीं त्याचे लहान तुकडे केले, ते पीठ चाळण्याच्या बारीक रेशमी कापडांत बांधिले, आणि समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या बशींत ती पुरचुंडी पिळली. कापडाच्या छिद्रांतून तांबड्या ढगासारखा गाळ बाहेर आला व पाण्यांत खालीं बसला. सूक्ष्मदर्शकानें पाहतां त्यांत सुट्या पेशी व पेशींचे अगदीं लहान पुंजके एवढेंच होतें. प्राण्याचा आकार राहिला नाहीं, नळ्या राहिल्या नाहींत, खोल्या राहिल्या नाहींत. कोणाही पाहणाऱ्यानें म्हटलें असतें कीं, हा स्पंज संपला.

परंतु तो संपला नव्हता. थोड्याच वेळांत त्या पेशी बशीच्या तळावर रांगूं लागल्या. एकीची दुसरीशीं गांठ पडली कीं त्या एकमेकींस चिकटत. दोघींच्या चार, चारांच्या शंभर अशा त्यांच्या गोळ्या झाल्या. लहान गोळ्या एकमेकांस मिळून मोठ्या झाल्या, त्या तळाला धरून चपट्या पसरल्या व त्यांवर कातडी आली. पुढें कांहीं दिवसांत आंत खोल्या झाल्या, त्यांत चाबूक हालूं लागले, नळ्या पडल्या, मोठें छिद्र उघडलें, आणि पाणी पूर्वींसारखें वाहूं लागलें. कापडांतून पिळून काढिलेल्या त्या गाळाचे पुन्हा स्पंज झाले. हा वृत्तांत विल्सन यांनीं १९०७ सालीं छापून प्रसिद्ध केला. त्यानंतर अनेक देशांत, अनेक जातींच्या स्पंजांवर हा प्रयोग करून पाहण्यांत आला आहे व त्याची सत्यता सिद्ध झाली आहे.

४. आपला कोण व परका कोण?

विल्सन तेथेंच थांबले नाहींत. त्यांनीं दोन निरनिराळ्या जातींचे स्पंज गाळून त्यांच्या पेशी एकाच बशींत मिसळल्या. त्या मिश्रणापासून एक मिश्र प्राणी झाला नाहीं. पुढें १९२० नंतरच्या दशकांत पॉल गॉल्टसॉफ या संशोधकानेंही तांबडा स्पंज व पिवळा स्पंज यांच्या पेशी एकत्र केल्या. तांबड्या पेशी तांबड्यांशीं व पिवळ्या पिवळ्यांशीं मिळाल्या, आणि रंगांवरून दोन्ही कळप डोळ्यांनीं वेगळे दिसूं लागले. संध्याकाळीं दोन वाड्यांचीं गुरें एका माळावरून परततांना जशीं आपआपल्या गोठ्याकडे वळतात, तसा तो प्रकार होता.

ज्या जीवाला डोळे नाहींत व मज्जातंतूही नाहींत, त्याच्या सुट्या पेशीनें आपल्या व परक्या पेशीची पारख कशी करावी? याचा उलगडा व्हावयास आणखी कांहीं दशकें लागलीं. १९६३ सालीं टॉम हम्फ्रीज या अमेरिकन संशोधकानें असें दाखविलें कीं, स्पंज पिळण्याचें कारण नाहीं. समुद्राच्या पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम हीं दोन द्रव्यें असतात. तीं ज्यांत नाहींत अशा खाऱ्या पाण्यांत स्पंज ठेविला, तर त्याच्या पेशी सहज सुट्या होतात. त्याबरोबर पेशींच्या अंगावरील एक चिकट पदार्थही पाण्यांत उतरतो. तो पदार्थ आणि कॅल्शियम परत दिलें कीं पेशी पुन्हा एकत्र येतात. परंतु एका जातीच्या स्पंजाचा पदार्थ बहुधा त्याच जातीच्या पेशींना जोडतो, दुसरीच्या पेशींना जोडीत नाहीं.

हा पदार्थ प्रथिन व शर्करा यांच्या संयोगानें झालेला असून त्याचे रेणू फार मोठे असतात. पेशीच्या अंगावर तो डिंकासारखा आहे, आणि ओळखीच्या खुणेसारखाही आहे. खूण जुळली तर डिंक धरितो. न जुळली तर धरीत नाहीं. ही पारख केवळ जातीपुरतीच आहे असेंही नाहीं. विल्यम हिल्डेमन व त्यांचे सहकारी यांनीं हवाई बेटांतील एका जातीच्या स्पंजावर कलमें करून पाहिलीं व त्यांचा वृत्तांत १९७९ सालीं प्रसिद्ध केला. एकाच स्पंजाचे दोन तुकडे शेजारीं बांधिले तर ते एकजीव झाले. परंतु त्याच जातीच्या दुसऱ्या स्पंजाचा तुकडा बांधिला तर तो नाकारला गेला. रोग्याच्या शरीरांत दुसऱ्याचें मूत्रपिंड बसवितांना वैद्यांस जी अडचण येते, तिचें साधें रूप या मुक्या प्राण्यांतही पाहावयास मिळतें.

पुढें २०१० सालीं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळील प्रवाळांत राहणाऱ्या एका स्पंजाची संपूर्ण आनुवंशिक लिपि वाचून प्रसिद्ध करण्यांत आली. पेशींनीं एकमेकींस धरून राहावें, एकमेकींस निरोप द्यावे व परक्यास ओळखावें, यासाठीं जीं सूत्रें आपल्या शरीरांत आहेत, त्यांपैकीं पुष्कळ सूत्रांच्या जोडीचीं सूत्रें त्या स्पंजांतही आढळलीं. म्हणून शास्त्रज्ञ स्पंजाचा अभ्यास करितात तो केवळ नवल म्हणून नव्हे. अनेक पेशींचें एक शरीर कसें होतें, हा प्रश्न आपल्याही शरीराचा आहे.

५. अटी कोणत्या?

आतां आरंभीं सांगितलेल्या अटींकडे वळूं.

पहिली अट ही कीं, पेशी जिवंत असाव्या लागतात. विल्सन यांच्या बशींतील पेशी सुट्या झाल्या होत्या, मेल्या नव्हत्या. मेलेलें जिवंत झालें नाहीं. विखुरलेलें एकत्र आलें. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. बाजारांतील वाळलेला स्पंज वर्षानुवर्षें पाण्यांत ठेविला तरी त्याला जीव येणार नाहीं, कारण ती नुसती जाळी आहे. कित्येक उपदेशक स्पंजाची गोष्ट ऐकतांच ती मृतांच्या पुनरुत्थानाचा दाखला म्हणून सांगूं लागतील, असें आम्हांस वाटतें. त्यांस आम्ही नम्रपणें सांगतों कीं, या प्रयोगानें तसें कांहीं सिद्ध होत नाहीं. चुकीच्या दाखल्यावर उभी केलेली गोष्ट एखाद्या शिकलेल्या मुलानें एका प्रश्नानें पाडिली, तर त्या मुलाच्या मनांत बाकीच्या बोलण्याविषयींही संशय उत्पन्न होतो.

दुसरी अट ही कीं, निरनिराळ्या कामकऱ्यांचा मेळ असावा लागतो. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ ज्यूलियन हक्स्ले यांनीं १९११ सालीं चुनेरी सुया असलेल्या एका स्पंजावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. नुसत्या चाबकाच्या पेशी वेगळ्या काढिल्या असतां त्यांच्या पोकळ गोळ्या झाल्या, परंतु त्या गोळ्यांचा पुरा स्पंज झाला नाहीं. कोणत्या पेशीनें नव्या अंगांत कोणतें काम घ्यावें याविषयीं सर्व जातींत एकच नियम दिसत नाहीं. कांहींत भटक्या पेशी बहुतेक सर्व अंग नव्यानें घडवितात. कांहींत जुन्या पेशी आपलें मूळचें काम पुन्हा हातीं घेतात, किंवा तें टाकून दुसरें घेतात. परंतु एकट्या एका प्रकारानें घर उभें राहिलें, असें क्वचितच पाहण्यांत येतें.

तिसरी अट ही कीं, पाणी स्वच्छ असावें लागतें. बशींतील पाणी नासलें कीं गोळ्याही नासतात. गाळलेल्या पेशींपैकीं पुष्कळ वाटेंतच मरतात, आणि सर्वच जातींच्या गाळापासून पूर्ण स्पंज उभा राहत नाहीं. समुद्रांत असें गाळलें जाण्याचा प्रसंगही सहसा येत नाहीं. तेथें वादळानें फांदी मोडते, कासव अथवा मासा लचका तोडितो. ती जखम स्पंज भरून काढितो, आणि मोडलेली फांदी योग्य जागीं पडली तर तिचा वेगळा स्पंज होतो. त्याची शक्ति या नित्याच्या कामासाठीं आहे. चाळणीच्या प्रयोगानें ती किती खोल आहे एवढें दाखविलें.

६. आपल्या तळ्यांतील स्पंज

कोणी म्हणेल, समुद्र आम्हांपासून दूर. आम्हीं हें कोठें पाहावें? त्यांस आनंदाची गोष्ट ही कीं, समुद्री स्पंजाचे कांहीं आप्त गोड्या पाण्यांत राहतात, आणि आपल्या देशांतील तळ्यांतही ते आहेत. मुंबईंत हेन्री जॉन कार्टर नांवाचे एक लष्करी वैद्य होते. त्यांनीं मुंबई बेटावरील तळ्यांतले स्पंज गोळा करून त्यांचें वर्णन १८४९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांच्या सन्मानार्थ एका जातीला कार्टर यांचें नांव देण्यांत आलें, व तें अद्याप चालू आहे.

या स्पंजांची युक्ति निराळी आहे. उन्हाळा लागून तळें आटूं लागलें कीं स्पंजाचें अंग मरूं लागतें. परंतु तत्पूर्वीं त्याच्या भटक्या पेशी अन्नाचा सांठा घेऊन जागजागीं एकत्र जमतात, आणि त्यांच्याभोंवतीं कठीण कवच तयार होतें. खसखशीच्या दाण्याएवढ्या या गोळ्या कोरड्या जाळींत चिकटून राहतात. पाऊस पडून तळें भरलें व हवा मानवली म्हणजे कवचाच्या एका बारीक छिद्रांतून आंतील पेशी रांगत बाहेर येतात, पसरतात, आणि नवा स्पंज उभा करितात. शेतकरी जसा भुकेच्या दिवसांतही बियाणें मोडीत नाहीं, तसा हा प्राणी आपलें बियाणें राखून ठेवितो. येथेंही वरील पहिलीच अट दिसते: अंग गेलें, परंतु कवचांतील पेशी जिवंत राहिल्या, म्हणूनच नवें अंग झालें.

तळ्याचें पाणी ओसरूं लागलें म्हणजे घाटाच्या पायऱ्यांच्या व दगडांच्या खालच्या बाजूस, पाण्यांत बुडालेल्या काटक्यांवर व बांबूंवर पाहावें. करडा अथवा हिरवट, ठिसूळ, छिद्रांचा लेप दिसला व त्यांत बारीक दाणे असले, तर तो बहुधा स्पंजच होय. तो वाळला म्हणजे त्यांतील सुया कातडींत शिरून खाज सुटते. म्हणून मुलांनीं तो हातानें चुरगळूं नये, आणि तो हाताळून डोळे तर मुळींच चोळूं नयेत.

७. माणसाचा हात

ज्याला तोडिलें तरी जो पुन्हा वाढतो, त्याला कितीही तोडावें, असा विचार माणसाच्या मनांत सहज येतो. भूमध्य समुद्रांतील कालिम्नोस या ग्रीक बेटावरील लोक पिढ्यान् पिढ्या स्पंजावर जगले. पूर्वीं ते दगड हातीं धरून एका श्वासांत तळाशीं जात. १८६० नंतर नळीनें हवा पुरविणारा पाणबुड्यांचा पोषाख तेथें आला. मग ते फार खोल व फार वेळ राहूं लागले, आणि घाईनें वर येऊं लागले. खोल पाण्यांत दाबामुळें रक्तांत विरलेला नायट्रोजन वायु एकदम वर येतांच बुडबुडे होऊन बाहेर पडतो, हें त्यांस ठाऊक नव्हतें. कित्येक मेले, कित्येक जन्माचे पांगळे झाले, आणि स्पंजांचीं जुनीं कुरणेंही विरळ झालीं. त्या बेटांवरील अनेकजण अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतीं गेले व १९०५ पासून तेथील टार्पन स्प्रिंग्ज या गांवीं पाणबुडीचा धंदा वाढला. परंतु १९३८ व १९३९ या सालीं बहामा बेटांपासून फ्लॉरिडापर्यंत स्पंजांवर एक रोग पसरला आणि कुरणांचीं कुरणें मेलीं. १९८६ नंतर भूमध्य समुद्रांतही तसाच रोग आला. पुन्हा उभें राहण्याची शक्ति ही रोगापासून अभय नव्हे. ज्यांत एकही पेशी वांचली नाहीं त्या स्पंजास ती शक्ति उपयोगी पडत नाहीं.

फ्लॉरिडांतील पाहणींत असें दिसून आलें कीं, आंकड्यानें मुळासकट उपटलेल्या स्पंजापेक्षां, बूड खडकावर ठेवून सुरीनें कापिलेला स्पंज पुन्हा वाढण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो. अॅरिस्टॉटलनें लिहिलेल्या गोष्टीचा अर्थ असा व्यवहारांत उतरला: मागें कांहीं राहिलें, तर वाढेल.

तुकड्यांपासून लागवड करण्याचा यत्नही जुनाच आहे. ऑस्कर श्मिट या प्राध्यापकानें १८६३ ते १८७२ या काळांत एड्रिएटिक समुद्रांतील हवार बेटाजवळ स्पंजाचे तुकडे लावून वाढविले. ते वाढले खरे, परंतु लाकडी सांगाडे समुद्री किड्यांनीं पोखरले, व तेथील कोळ्यांच्या विरोधामुळें तें काम सोडावें लागलें. आतां आफ्रिकेच्या पूर्वेस झांजिबार बेटावर जांबियानी या गांवीं स्त्रिया हें काम करितात. तेथील पुष्कळ स्त्रिया समुद्रशेवाळाची शेती करून पोट भरीत. पाणी तापूं लागल्यानें ती शेती बुडूं लागली. तेव्हां कांहींजणींनीं स्पंजाचे तुकडे दोऱ्यांवर ओंवून उथळ समुद्रांत वाढविण्यास आरंभ केला. त्यांना तो नेहमीं साफ ठेवावा लागतो, वाट पाहावी लागते, आणि पुढच्या लावणीसाठीं तुकडा राखून ठेवावा लागतो. ज्या शक्तीचें विल्सन यांनीं बशींत निरीक्षण केलें, तिच्यावर आज त्या घरांतील चूल पेटते.

८. उजळणीसाठीं प्रश्न

वर्ग घेणाऱ्यांच्या सोयीसाठीं कांहीं प्रश्न देतों. उत्तरें पाठ करवून घेऊं नयेत; मुलांस आपल्या शब्दांत सांगूं द्यावें.

(१) घोसाळ्याची जाळी व बाजारांतील खरा स्पंज यांत कोणतें साम्य आहे?

(२) तोंड व पोट नसतां स्पंज अन्न कसें मिळवितो?

(३) पालीची शेपटी व स्पंजाचा तुकडा यांत भेद कोणता?

(४) तांबड्या व पिवळ्या स्पंजांच्या पेशी एकत्र केल्या तेव्हां काय घडलें? त्यांचा मिश्र प्राणी कां झाला नाहीं?

(५) चाळणींतून गाळलेला स्पंज पुन्हा उभा राहण्यास कोणत्या तीन अटी लागतात?

(६) 'मेलेलें जिवंत झालें' असें म्हणणें येथें चूक कां?

(७) स्पंज काढणाऱ्यानें बूड कां ठेवावें? आपल्या शेतांत, रानांत व नदींत असें 'बूड ठेवण्याचें' काम कोठें कोठें आहे?

शेवटच्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापेक्षां आमच्या वाचकांस अधिक ठाऊक असेल. औषधी मुळी खणतांना, मध काढितांना, पावसाच्या आरंभीं अंड्यांनीं भरलेले मासे धरितांना हा प्रश्न त्यांच्यापुढें दर वर्षीं उभा राहतो. स्पंज तोडिल्यावर पुन्हा उभा राहतो हें खरें. पण कापणाऱ्यानें मागें बूड ठेविलें असेल, तरच.